विश्लेषण : बाराव्या वर्षी अक्षरओळख, पुढे गावोगाव पुस्तकांच्या पेट्या... सयाजीरावांनी आपले वाचन लोकांपर्यंत कसे नेले?

मुंबईत चर्नी रोडच्या बागेत एक शाळकरी मुलगा संध्याकाळी पुस्तक घेऊन बसलेला असायचा. विल्सन हायस्कूलमधले शिक्षक कृष्णाजी अर्जुन केळुस्कर हेही तिथे वाचायला येत. त्यांनी मुलाची चौकशी केली, आपल्याकडची पुस्तके त्याला वाचायला द्यायला सुरुवात केली. पुढे परीक्षा पास झाल्याबद्दल त्या मुलाचा सत्कार झाला, तेव्हा केळुस्करांनी स्वतः लिहिलेले गौतम बुद्धाचे चरित्र त्याच्या हातात ठेवले. तो मुलगा म्हणजे भीमराव आंबेडकर.

इथवरची गोष्ट महाराष्ट्रात बहुतेकांना ठाऊक आहे. त्या पुस्तकाचा पत्ता मात्र फारसा कुणी विचारत नाही. केळुस्करांनी ते वडोदे संस्थानच्या ग्रंथमालेसाठी लिहिले होते. मराठी वाचकाला बुद्ध मराठीत वाचता यावा, यामागे पाठबळ होते वडोद्याच्या महाराजांचे. आणि हे महाराज स्वतः वयाच्या बाराव्या वर्षापर्यंत धड लिहा-वाचायलाही शिकलेले नव्हते.

सयाजीराव गायकवाड तिसरे यांची ओळख समाजसुधारक राजा, बाबासाहेबांना शिष्यवृत्ती देणारे महाराज, लक्ष्मी विलास पॅलेसचे मालक अशी दिली जाते. आज त्यांच्याकडे जरा वेगळ्या बाजूने पाहू. आवडलेले पुस्तक स्वतःपुरते न ठेवता दुसऱ्याच्या हाती देण्याची सवय एका राजाला लागली, तेव्हा तिचे काय काय झाले?

कवळाण्याचा गोपाळ वडोद्याला कसा गेला?

नाशिक जिल्ह्यात मालेगाव तालुक्यात कवळाणे नावाचे गाव आहे. गायकवाड घराण्याची एक दूरची शाखा तिथे शेती करून राहत होती. मार्च १८६३ मध्ये काशीराव गायकवाड यांच्या घरी गोपाळ जन्मला. गावातल्या इतर मुलांसारखाच तो वाढला. शाळेचा फारसा संबंध आला नाही.

१८७५ मध्ये इंग्रजांनी वडोद्याच्या मल्हारराव गायकवाडांना पदच्युत केले. आधीचे महाराज खंडेराव यांच्या पत्नी जमनाबाई यांना दत्तक घेण्याची परवानगी मिळाली. घराण्यातली मुले शोधली गेली. काशीराव आपल्या मुलांना घेऊन वडोद्याला पोहोचले. तुम्ही इथे कशासाठी आलात, असे मुलांना विचारल्यावर गोपाळने आपण राज्य करायला आलो असे सांगितले, ही आख्यायिका प्रत्येक चरित्रात सापडते. खरी-खोटी कशीही असो, जमनाबाईंनी त्यालाच निवडले. २७ मे १८७५ रोजी दत्तकविधान झाले आणि गोपाळरावाचा सयाजीराव झाला.

वाचायला शिकले कसे?

दत्तक आलेला मुलगा बारा वर्षांचा, आणि साडेसहा वर्षांत त्याला राज्य चालवायला तयार करायचे होते. एफ. ए. एच. इलियट या इंग्रज अधिकाऱ्याकडे शिक्षणाची जबाबदारी आली. मराठी, गुजराती, उर्दू आणि इंग्रजी अशा चार भाषा एकदम सुरू झाल्या. शिवाय तालीम, घोडेस्वारी. शेवटच्या काळात दिवाण सर टी. माधवराव आणि इतर अधिकारी राज्यकारभारावर व्याख्याने देत. डिसेंबर १८८१ मध्ये सयाजीरावांकडे पूर्ण अधिकार आले.

लहानपणी पुस्तके नसलेल्या माणसाचे वाचन कसे असते, याचा सयाजीराव हा चांगला नमुना आहे. त्यांचे वाचन फुरसतीचे नव्हते. राहून गेलेले भरून काढायची घाई त्यात होती. रोमन साम्राज्याच्या ऱ्हासावरचा एडवर्ड गिबनचा प्रचंड ग्रंथ त्यांनी वाचला, तोही टिपणे काढत. त्या टिपणांचे १८९६ मध्ये 'फ्रॉम सीझर टू सुलतान' हे इंग्रजी पुस्तक झाले. वाचलेले विसरू नये म्हणून वहीत उतरवून ठेवणारे पुष्कळ असतात. सहा खंडांच्या ग्रंथातले आपल्याला काय महत्त्वाचे वाटले, हे छापून इतरांपुढे ठेवणारा संस्थानिक विरळा. त्यातही विषय काय निवडला, तर साम्राज्ये कशी पडतात! त्यांच्या डोक्यावर त्या वेळी जगातले सर्वांत मोठे साम्राज्य बसलेले होते.

राजाला 'रीडर' कशासाठी हवा होता?

१८८९ मध्ये चोविशीतला एक पदवीधर तरुण वडोद्याच्या नोकरीत आला. हुद्दा होता 'रीडर'. महाराजांना वाचून दाखवायचे, त्यांनी सांगितलेली पुस्तके आधी स्वतः वाचायची, सार काढायचे, चर्चा करायची. पुढे राजपुत्रांना शिकवण्याचे कामही त्याच्याकडे आले. हा तरुण म्हणजे गोविंद सखाराम सरदेसाई. महाराष्ट्र त्यांना रियासतकार म्हणून ओळखतो.

महाराजांनी त्यांच्याकडून केवळ वाचून घेतले नाही. मॅकियाव्हेलीचे 'द प्रिन्स' आणि सीली यांचे इंग्लंडच्या विस्तारावरचे पुस्तक मराठीत आणायला सांगितले. म्हणजे राजाने वाचलेले पुस्तक इंग्रजी न येणाऱ्या मराठी माणसापर्यंत दोन-चार वर्षांत पोहोचत होते. राजपुत्रांना हिंदुस्थानचा इतिहास शिकवायचा तर मराठीत नीट सलग पुस्तकच नाही, हे सरदेसाईंच्या लक्षात आले. शिकवण्यासाठी ते टिपणे काढू लागले. ती वाढत गेली. १८९८ मध्ये 'मुसलमानी रियासत' आली, १९०२ पासून 'मराठी रियासत' यायला लागली. महाराष्ट्रातल्या तीन-चार पिढ्यांनी ज्या ग्रंथांवर आपला इतिहास वाचला, त्यांची सुरुवात वडोद्याच्या राजवाड्यातल्या शिकवणीत झाली. संशोधन पुढे गेल्याने रियासतीतल्या काही गोष्टी आज दुरुस्त कराव्या लागतात, हे खरे. पण त्या वाचल्याशिवाय दुरुस्ती करायला कुणी बसत नाही.

लंडनहून आलेले न्यूटन मोहन दत्त हेही महाराजांचे रीडर होते. पुढे तेच वडोद्याच्या ग्रंथालय खात्याचे प्रमुख झाले. एका वाचकाला पुस्तके सुचवणारा माणूस अख्ख्या संस्थानाला पुस्तके सुचवू लागला, असे म्हणायला हरकत नाही.

सयाजीरावांच्या आश्रयाने निघालेल्या मराठी-गुजराती पुस्तकांची यादी मोठी आहे. १९१२ मध्ये त्यांनी देशी भाषांतल्या ग्रंथनिर्मितीसाठी दोन लाख रुपयांचा निधी दिला. त्यातून सयाजी साहित्यमाला आणि मुलांसाठी सयाजी बालज्ञानमाला निघाल्या. १९१५ मध्ये जुन्या संस्कृत हस्तलिखितांचे प्रकाशन करणारी 'गायकवाड्स ओरिएंटल सिरीज' सुरू झाली. १९३१ मध्ये आठ भाषांतला राज्यव्यवहाराचा कोश निघाला. १९३२ मध्ये कोल्हापूरच्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले.

पण पुस्तक छापणे हे तुलनेने सोपे काम. ते वाचकाच्या हातात कसे जाणार?

शाळा सक्तीची केली, मग ग्रंथालये कशाला?

१८९३ मध्ये सयाजीरावांनी अमरेली भागात सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग सुरू केला. १९०६ मध्ये तो संस्थानभर लागू झाला. मुलगे सात ते बारा वर्षांचे, मुली सात ते दहा. मूल शाळेत पाठवले नाही तर पालकांना दंड. इंग्रजांच्या हिंदुस्थानात गोपाळ कृष्ण गोखले याच मागणीसाठी पुढे काही वर्षे झगडले आणि त्यांचे विधेयक फेटाळले गेले, हे लक्षात घेतले म्हणजे या निर्णयाचा आकार कळतो.

सक्तीचे शिक्षण सुरू झाल्यावर एक अडचण ठळक झाली. मुलगा बारा वर्षांचा झाला की शेतावर जायचा. मुलगी दहाव्या वर्षी घरात. गावात छापलेला कागद म्हणजे पंचांग आणि सावकाराचे खाते. वाचायला काहीच नसेल तर चार-पाच वर्षांत शिकलेली अक्षरे पुसली जाणार. दंड आकारून शिकवलेले असे वाया जाणे सरकारला परवडणारे नव्हते. ज्याला स्वतःला बाराव्या वर्षी अक्षरे गिरवावी लागली, त्याला ही भीती फायलीतून समजावून सांगायची गरज पडली नसावी.

ग्रंथालये त्या काळी नव्हती असे नाही. मुंबई इलाख्यात गावोगाव 'नेटिव्ह लायब्ररी' निघाल्या होत्या. ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३चे, मुंबईचे १८९८चे. पण बहुतेक ठिकाणी वर्गणी भरणाऱ्याला पुस्तक मिळे, आणि वर्गणी भरणारा म्हणजे शहरातला, शिकलेला, बहुधा नोकरदार पुरुष. खेड्यातल्या कुणब्याच्या पोराचा त्यात प्रश्नच नव्हता.

गुजरातेत वसो गावाकडच्या मोतीभाई अमीन या शिक्षकाने 'मित्रमंडळ' नावाने खेड्यांत छोटी वाचनालये सुरू केली होती. चार माणसांनी पैसे जमवायचे, नियतकालिके आणि पुस्तके आणायची, सगळ्यांनी वाचायची. सरकारी खाते निघाले तेव्हा या माणसाला बाजूला सारले नाही. त्यालाच खात्यात घेऊन खेड्यांतल्या ग्रंथालयांचे काम दिले. चालू असलेले लोकांचे काम सरकारने ताब्यात घेऊन बंद पाडल्याची उदाहरणे आपल्याकडे ढिगाने आहेत. वडोद्यात उलटे घडले.

अमेरिकेतून ग्रंथपाल का आणला?

१९०६ मध्ये आणि पुन्हा १९१० मध्ये सयाजीराव अमेरिकेला गेले. तिथे त्यांनी सार्वजनिक ग्रंथालये पाहिली. करातून चालणारी, फी न घेणारी, कुणीही आत जाऊन कपाटातले पुस्तक स्वतःच्या हाताने काढावे अशी. आपल्याकडे तेव्हा (आणि बऱ्याच ठिकाणी अजूनही) पुस्तके कुलपात असत. वाचकाने यादीत नाव शोधायचे, चिठ्ठी द्यायची आणि खिडकीशी उभे राहायचे. पुस्तक चाळून बघू, आवडले तर नेऊ, ही सोयच नाही.

न्यू हेवनमधील यंग मेन्स इन्स्टिट्यूटचे ग्रंथपाल विल्यम ॲलन्सन बॉर्डन यांना महाराजांनी वडोद्याला बोलावले. १९१० ते १९१३ असे जेमतेम तीन वर्षे ते इथे होते. एवढ्या काळात त्यांनी मध्यवर्ती ग्रंथालय उभे केले, १९११ मध्ये ग्रंथपालांचे प्रशिक्षण वर्ग सुरू केले, वडोद्यासाठी वर्गीकरणाची वेगळी पद्धत तयार केली. १९१२ पासून 'लायब्ररी मिसेलनी' हे त्रैमासिक निघू लागले. ते इंग्रजी, गुजराती आणि मराठी अशा तीन भाषांत असायचे. ग्रंथालयशास्त्राचे नाव काढले की आपल्याला एस. आर. रंगनाथन आठवतात. ते मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले १९२४ मध्ये. वडोद्यातले काम त्याच्या दशकभर आधीचे आहे.

मध्यवर्ती ग्रंथालयासाठी पुस्तके हवी होती. सयाजीरावांनी लक्ष्मी विलास पॅलेसमधल्या आपल्या खासगी संग्रहातली सुमारे वीस हजार पुस्तके देऊन टाकली. राजाने ग्रंथालयाला देणगी देणे नवे नव्हते. इथे पैशांबरोबर त्याने स्वतः जमवलेली पुस्तकेच शहरातल्या कुणाच्याही हाती पडणार होती. ज्यांनी घरातले एखादे आवडते पुस्तक उसने दिले आहे आणि ते परत आलेले नाही, त्यांना या वीस हजारांची किंमत वेगळी सांगायला नको.

ग्रंथालयात बायकांसाठी स्वतंत्र विभाग होता आणि मुलांसाठी खेळांसकट वेगळी खोली. पुढे मांडवीजवळ ग्रंथालयाची नवी इमारत झाली. तिथली पुस्तकांची मांडणी अमेरिकन बनावटीच्या लोखंडी रॅकवर आहे आणि मजल्यांना जाड काचेच्या लाद्या आहेत, वरचा उजेड खालच्या मजल्यावरच्या पुस्तकांपर्यंत झिरपावा म्हणून. वडोद्याला गेलात तर ही काचेची जमीन पाहून या.

पेटीत काय असायचे?

आता मुख्य मुद्दा. वडोदे संस्थान नकाशावर एकसलग नव्हते. दक्षिणेला नवसारी, मध्ये वडोदे, उत्तरेला कडी-मेहसाणा, तिकडे काठियावाडात अमरेली आणि पार समुद्राकाठी ओखा. मधे मधे इंग्रजांचा मुलूख आणि दुसरी संस्थाने. लोकसंख्या वीस लाखांच्या आसपास, बहुतेक खेड्यांत. राजधानीत कितीही देखणे ग्रंथालय बांधले तरी ओख्याच्या माणसाला त्याचा काय उपयोग?

म्हणून दोन वाटा काढल्या. पहिली, गावाचे स्वतःचे ग्रंथालय. त्यासाठी हिशेब सोपा ठेवला : एक तृतीयांश रक्कम गावकऱ्यांनी जमवायची, एक तृतीयांश प्रांत पंचायतीने द्यायची, उरलेली सरकारने. गावाने हात वर केले तर सरकारी पैसाही नाही. यामुळे ग्रंथालय वरून लादलेले राहत नाही, त्यात गावाचा पैसा अडकतो आणि मग गाव त्याची चौकशीही करते. जिथे एवढेही जमणार नाही तिथे निदान वृत्तपत्रे-मासिकांचे वाचनालय.

दुसरी वाट म्हणजे फिरती पेटी. मजबूत लाकडाची, कुलूप लावलेली पेटी. आत पंधरा ते तीस पुस्तके. गावातल्या एखाद्या जबाबदार माणसाने मागणी करायची, पेटी रेल्वेने, गाडीने त्याच्यापर्यंत पोहोचायची. वाहतुकीचा खर्च खात्याचा. गावातल्या लोकांनी ती पुस्तके वाचायची, मुदत संपली की पेटी परत, दुसरी पेटी मागवायची. पुस्तके गुजराती, मराठी आणि इंग्रजी.

पंधरा-तीस हा आकडा लहान वाटतो. फोनवर हजारो पुस्तके असलेल्या माणसाला तर हास्यास्पदच वाटेल. पण त्यामागचा विचार पाहा. अपुऱ्या सरावाच्या वाचकासमोर हजार पुस्तके ठेवली तर तो एकही उचलत नाही. पंधरा ठेवली तर तो सगळी हाताळतो. आणि गावातल्या सगळ्यांसमोर तीच पंधरा असली की मग बोलणे होते. अमक्याने वाचलेले तमका मागतो, पेटी परत जायच्या आत आपला नंबर लागावा म्हणून घाई करतो. पुस्तकाची शिफारस करणारा ओळखीचा माणूस आणि ते पुस्तक, दोन्ही एका गावात असणे, हे पेटीने साधले.

यातला अवघड भाग म्हणजे पेटी भरणे. मध्यवर्ती ग्रंथालयात बसलेल्या माणसाला, आपण कधी न पाहिलेल्या गावासाठी पुस्तके निवडायची असत. बॉर्डननंतर खात्याची सूत्रे जनार्दन सखाराम कुडाळकर यांच्याकडे आली. वडोद्याच्या ग्रंथालय चळवळीवर त्यांनी १९१९ मध्ये लिहिलेल्या इंग्रजी पुस्तकामुळेच यातले बरेचसे आज आपल्याला कळते.

ज्यांना वाचताच येत नाही त्यांचे काय? त्यांच्यासाठी खात्यात दृश्य शिक्षणाची शाखा होती. चित्रकार्डे, डोळ्याला लावून पाहायचे स्टिरिओस्कोप, आणि गावात पडदा लावून फुकट दाखवलेले चित्रपट. दादासाहेब फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' १९१३चा. त्याच सुमारास एका संस्थानचे ग्रंथालय खाते खेड्यांत सिनेमा दाखवत होते.

सगळे सुरळीत झाले का?

नाही. इंग्रज सरकारला वडोद्यातल्या वाचनाची धास्ती होती, आणि ती अगदीच निराधार नव्हती. बंगालच्या फाळणीनंतर क्रांतिकारक साहित्य ठिकठिकाणी छापले जात होते. वनस्पतींच्या औषधांचे नाव लावलेले एक गुजराती पुस्तक प्रत्यक्षात बॉम्ब कसा बनवायचा हे सांगणारे निघाले, आणि त्याचा माग वडोदे संस्थानात लागला. इंग्रजांनी सयाजीरावांवर दबाव आणला. १९११च्या दिल्ली दरबारात त्यांनी बादशहाला पुरेसे लवून मुजरा केला नाही म्हणून गहजब झाला, त्यामागे हाही संशय होता. लोकांना वाचते करणाऱ्या राजाने शेवटी काही पुस्तकांवर आणि ती काढणाऱ्यांवर कारवाईही केली. ग्रंथालये वाढत असताना हेही चालू होते.

दुसरी टीका त्यांच्याच प्रजेतून होती. महाराज प्रकृतीच्या कारणाने वर्षातले कितीतरी महिने युरोपात असत. अनेक सुधारणा कागदावर उत्तम आणि गावात निम्म्या, असे व्हायचे.

पुस्तक पोहोचले, माणसाचे काय?

पुन्हा केळुस्करांकडे येऊ. भीमराव इंटर पास झाले, पुढच्या शिक्षणाला पैसे नव्हते. बागेत पुस्तके देणारे हेच गुरुजी सयाजीरावांकडे शब्द टाकायला गेले. महाराजांनी भीमरावांना भेटीला बोलावले, काही प्रश्न विचारले आणि दरमहा पंचवीस रुपयांची शिष्यवृत्ती दिली. १९१३ मध्ये वडोद्याच्याच पैशांवर ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. बदल्यात दहा वर्षे संस्थानची नोकरी करण्याचा करार होता. न्यूयॉर्कमध्ये त्यांनी जुन्या पुस्तकांची दुकाने पालथी घातली. परत येताना वेगळ्या जहाजाने पाठवलेले सामान, त्यातल्या पुस्तकांसह, युद्धात टॉर्पेडोने बुडाले.

सप्टेंबर १९१७ मध्ये करार पाळायला डॉ. आंबेडकर वडोद्याला आले. राहायला जागा मिळेना. एका पारशी धर्मशाळेत नाव बदलून राहिले. कचेरीत शिपाई विटाळ होऊ नये म्हणून फायली लांबून टेबलावर टाकत. अकराव्या दिवशी हातात काठ्या घेतलेल्या पारशांच्या टोळक्याने त्यांना धर्मशाळेतून बाहेर काढले. दिवसभर शहरात फिरूनही कुणी आसरा दिला नाही. कामाठी बागेत झाडाखाली बसून त्यांनी गाडीची वेळ होईपर्यंतचे तास काढले आणि रात्री मुंबईची गाडी पकडली.

त्या साली वडोदे संस्थानात पुस्तकांच्या पेट्या रेल्वेने गावोगाव जात होत्या. राजधानीत हव्या त्या पुस्तकाला हात लावता येईल असे ग्रंथालय होते. अस्पृश्यांच्या मुलांसाठी शाळा तर सयाजीरावांनी १८८०च्या दशकातच काढल्या होत्या. आणि याच राजधानीत, राजाने शिकवलेल्या माणसाला खोली मिळाली नाही. सयाजीरावांचा गौरव करताना हे अकरा दिवस वगळले जातात, आणि त्यांच्यावर टीका करताना त्याआधीची दहा वर्षे. दोन्ही एकत्र ठेवली तरच चित्र खरे दिसते. राजाला पुस्तके, पैसा, हुकूम हे सगळे पाठवता आले. शहरातल्या घरांची दारे हुकमाने उघडली नाहीत.

केळुस्करांनी दिलेले ते बुद्धचरित्र मात्र वाचकाच्या मनातून गेले नाही. आयुष्याच्या शेवटी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' लिहिताना, आपण बुद्धाकडे कसे वळलो हे सांगण्यासाठी बाबासाहेबांनी त्या भेटीचीच आठवण नोंदवून ठेवली आहे.

पुढे काय झाले?

६ फेब्रुवारी १९३९ रोजी मुंबईत सयाजीरावांचे निधन झाले. तोवर वडोद्यातल्या शेकडो खेड्यांत ग्रंथालये होती. १९४९ मध्ये संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले, १९६० नंतर तो भाग गुजरातेत गेला. गुजरातला स्वतःचा ग्रंथालय कायदा करायला २००१ साल उजाडले. मराठी मुलखात कोल्हापूर संस्थानने १९४५ मध्ये असा कायदा केला होता. महाराष्ट्राचा कायदा १९६७चा. त्यात ग्रंथालयांसाठी वेगळा कर नाही. अ, ब, क, ड वर्ग आणि त्यानुसार अनुदान अशी रचना आहे. अनुदानाची रक्कम वेळेवर येते का, हे आपल्या गावातल्या ग्रंथपालाला विचारून पाहा.

पेटीची कल्पना मात्र अधूनमधून पुन्हा वर येते. नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानने २००९ मध्ये 'ग्रंथ तुमच्या दारी' हा उपक्रम सुरू केला. सोसायटीतल्या, कार्यालयातल्या किंवा परदेशातल्या मराठी वाचकांच्या गटाकडे मराठी पुस्तकांनी भरलेली पेटी मोफत जाते. गटातल्या लोकांनी ती आपसात वाचायची, काही महिन्यांनी दुसऱ्या गटाबरोबर बदलायची. नाशिकमधून सुरू झालेल्या या पेट्या दुबईपर्यंत पोहोचल्या आहेत. सयाजीरावांचे कवळाणे नाशिक जिल्ह्यातच आहे.